चौकट कापण्याआधी

अहो, गेल्या आठवड्यात रफिकभाई ग्राइंडर घेऊन आले. तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय, भेटायला येणाऱ्यांच्या चहाचे कप अजून रोज विसळावे लागतात, आणि हे आपले अंगणात येऊन उभे. बसा म्हटलं तर बसेनात. शेवटी तुमच्या त्या घरी जोडलेल्या मोटरसायकलकडे बघत म्हणाले, "भाभी, भाऊंनी माझ्याकडून शब्द घेतलाय. माझ्यामागे गाडी आख्खी कुणाला द्यायची नाही. इंजिन काढून घे, चिमटा काढून घे, आणि चौकट कापून टाक, म्हणाले."

"का म्हणून?"

"वाकडी आहे म्हणाले. माझ्या हातची चूक रस्त्यावर नको म्हणाले."

बघा, ही तुमची पद्धत. लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल कुणी ठेवलं यावर अर्धा दिवस बोलणार, आणि एवढी मोठी गोष्ट बायकोला सोडून नाना पेठेतल्या मेकॅनिकला सांगून जाणार. मला राग आला. ज्याच्यावर यायला हवा तो माणूस घरात नव्हता, म्हणून रफिकभाईंवर काढला. म्हटलं, "तेराव्याचे लाडू अजून डब्यात आहेत, आणि तुम्हाला कापाकापी कशी सुचते?" बिचाऱ्यांनी ग्राइंडर पायरीखाली सरकवला. मग माझं मलाच वाईट वाटलं आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकला.

गाडी माझ्यासाठी केली असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. मला ते कधी पटलं नाही. आयुष्यभर कारखान्यात वेल्डिंग केलं, दुसऱ्यांच्या चौकटी जोडल्या, निवृत्त झाल्यावर एक आपली स्वतःची जोडायची ही तुमची हौस. बायकोचं नाव म्हणजे हौसेवर घातलेलं पांघरूण. पण सीट मात्र खरंच खाली होतं. बाजारातल्या कुठल्याही मोटरसायकलवर साडी नेसून चढायचं म्हणजे मला तुमच्या खांद्याला लोंबकळावं लागायचं आणि समोरच्या गॅलरीतल्यांची करमणूक व्हायची. तुम्ही नळ्या वाकवून मागची बाजू अशी उतरवलीत, की मी रिक्षात बसावं तशी सहज बसायचे. बिबवेवाडीतल्या आपल्या या एवढ्याशा अंगणात दोन उन्हाळे तुमचं ते काम चाललं होतं, आणि वाळत घातलेल्या माझ्या साड्यांना ठिणग्यांची भोकं पडत होती. त्यावरून आपण किती भांडलो, ते शेजाऱ्यांना विचारावं.

चिमटा आणायला मात्र मला बरोबर घेऊन गेलात. चिमटा म्हणजे मागचं चाक धरून वरखाली होणारं लोखंडी दुबेळकं, हे मला त्या दिवशी कळलं. नाना पेठेतल्या त्या बोळात तुम्ही एकेक चिमटा उचलून, डोळा बारीक करून बघत होतात, आणि दुकानदार मला म्हणाला, "काकू, साहेब मुलगी बघायला आल्यासारखं बघतायत." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मुलगी बघताना एवढं बघितलं नव्हतं. तिथंच चुकलं." दुकानात सगळे हसले. मी घरी येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही.

आपलं असंच होतं सगळं. तुम्ही मांजरी गावच्या उसातले, मी शनिवार पेठेतली. तुम्ही "हाय" म्हणायचं आणि मी "आहे" म्हणून दुरुस्त करायचं. तुम्ही सुधारला नाहीत, मी थांबले नाही. चहात आलं किसायचं की ठेचायचं, पंखा किती वर ठेवायचा, आपल्या लेकीने, मुग्धाने, हिंजवडीत नोकरी धरली तर तिथेच खोली घ्यावी की बसने ये-जा करावी, कुठलाही विषय आपल्याला वर्ज्य नव्हता. तुम्ही काहीही म्हणालात की माझ्या तोंडून आधी "कशावरून?" निघायचं आणि मग पुढचा विचार सुरू व्हायचा. हे सगळं आज मुद्दाम सांगते आहे, कारण एका गोष्टीवर मी तुमच्याशी भांडले नाही, आणि तीच आता मला खाते आहे.

पहिली काही वर्षं गाडी अगदी नाकासमोर चालायची. मग कधीतरी ती डावीकडे ओढायला लागली. मांजरीहून तुमच्या भावाकडून येताना मला पहिल्यांदा जाणवलं. तुम्ही हँडल उजवीकडे धरून चालवत होतात आणि बोलत नव्हतात. मी दोन्ही पाय डावीकडे सोडून बसणारी, त्यात अंगाने भरलेली. मी आपली गंमत केली, "माझ्याच वजनाने ओढत असेल. उद्यापासून उपास धरते." तुम्ही हसला नाहीत. त्या काळात तुम्ही माझ्या विनोदाला न हसणं नवीन नव्हतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

मग दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पट्टी घेऊन गाडीपाशी. मागचं चाक किंचित कलतंय असं तुमच्या ध्यानात आलं. चाक काढलंत, साखळी काढलीत, चिमटा ज्या लांब बोल्टवर फिरतो त्याचा नट काढलात. बोल्ट मात्र हलेना. दुपारभर तुम्ही हातोड्याने ठोकत होतात. डॉक्टरांनी छातीला ताण देऊ नका म्हणून बजावलेलं, म्हणून मी येऊन हातोडा काढून घेतला. तुम्ही तसेच जमिनीवर बसून राहिलात. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"बोल्ट असा उगाच आवळत नाय, सुनंदे," तुम्ही म्हणालात. "चौकट वळल्याबिगर भोकं त्याला अशी धरत नाहीत. जोड मारताना घाई झाली माझी. ताण राहिला आत, तो आता सुटाय लागलाय. तुझ्या वजनानं नाय गं ओढत ती. माझ्या हातानं वाकडी झालीय."

मी काय म्हणाले ते आठवतंय तुम्हाला? मला शब्दन् शब्द आठवतो. म्हणाले, "असू दे हो. आता कुठे लांब जायचंय आपल्याला? रिक्षा आहेत, मुग्धा मोबाइलवरून गाडी बोलावून देते. उठा, हात धुवा."

तुम्ही उठलात, हात धुतलेत, जेवलात. चाक परत बसवलंत आणि गाडीवर आच्छादन घातलंत. मला वाटलं, सुनंदाबाई, आज तुम्ही समजूतदारपणे वागलात. माणूस खचलेला असताना वाद घालायचा नाही, एवढं कळायला लागलं तुम्हाला. स्वतःचं असं कौतुकसुद्धा केलं मी मनात. अहो, जन्मभर तुमचं एक वाक्य मी सरळ गिळलं नाही. मीठ जास्त झालंय म्हणालात तर चव घेऊन बघायच्या आधी नाही म्हणायचे. आणि तुम्ही स्वतःबद्दल असं भयंकर काहीतरी बोललात, तेव्हा मी मान डोलावली. म्हणजे तुम्हाला काय कळलं असेल? हिला पण पटलं. जी कशालाच हो म्हणत नाही, तीसुद्धा हो म्हणते आहे.

त्यानंतर तुम्ही कुणासाठी एक जोडसुद्धा मारला नाहीत. समोरच्यांचं फाटक तुटलं तेव्हा "डोळ्यांना त्रास होतो" म्हणालात. मला ते खरं वाटलं. नंबर वाढला असेल म्हणून मी तुम्हाला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले.

तर रफिकभाईंनी चहा संपवला आणि कामाला लागले. आधी पेट्रोलची टाकी उतरवली, चाक काढलं, शॉकअप काढले. मग त्या बोल्टशी येऊन अडले. ठोकून पाहिलं, पान्याला पाइप लावून पिळून पाहिलं. बोल्ट तुमच्यासारखाच, एकदा नाही म्हणजे नाही. मग ग्राइंडरची वायर उलगडत म्हणाले, "भाभी, चौकट हितंच कापली की चिमटा आपोआप सुटतो. दोन मिनिटांचं काम आहे."

आणि तेव्हा, अहो, माझ्या तोंडून ते निघालं. इतकी वर्षं उशिरा.

"वाकडी आहे कशावरून?"

रफिकभाई गोंधळले. "भाऊ म्हणाले ना."

"भाऊंनी उघडून पाहिलं होतं?"

"उघडणार कसं? बोल्ट निघालाच कुठं?"

"तुम्ही पाहिलंत?"

"मला कशाला दाखवतील? मी म्हटलेलं त्यांना, भाऊ, गाडी गॅरेजला आणा, दोघं मिळून काढू. तर म्हणाले, राहू दे रफिक, निघाला तर दिसंल."

निघाला तर दिसेल. म्हणजे आपली चूक डोळ्यांनी बघायची वेळ येईल. मी चहाचा कप विसळायला ओट्याशी गेले. इतकी भीती वाटत होती तुम्हाला? आणि मी शेजारच्या खोलीत बसून शेंगा सोलत होते? बाहेर येऊन मी सांगितलं, "बोल्ट आख्खा निघाल्याशिवाय चौकटीला ग्राइंडर लागणार नाही. निघाल्यावर वाकडी दिसली तर मी स्वतः इथे उभी राहून कापून घेईन. त्यांचा शब्द मोडणार नाही. पण न बघता नाही." रफिकभाईंनी वायर गुंडाळली. जाताना म्हणाले, "मग रोज तेल सोडा भाभी त्याच्यात. मी रविवारी येतो."

रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की मी रफिकभाईंनी सांगितलेलं डिझेल आणि रॉकेलचं मिश्रण जुन्या ड्रॉपरने बोल्टच्या दोन्ही बाजूंना सोडत होते. तुमचा कानात औषध घालायचा ड्रॉपर. दुसरा सापडला नाही. मार्केट यार्डाकडे जाणारे ट्रक बाहेर हॉर्न देत असायचे आणि मी गाडीपाशी पाटावर बसून तुमच्याशी भांडत असायचे. मला का नाही सांगितलंत? रफिकला सांगता येतं, मला येत नाही? मग माझं मीच उत्तर द्यायचे, की सांगितलं होतं की गं तुला. तू म्हणालीस, असू दे. वादात मी एकटीने तुमची बाजू घेऊन स्वतःला हरवत होते. खरं सांगू? कापायचा दिवस लांबतोय, याचंही मला बरं वाटत होतं. आणि धास्तीही होती. बोल्ट निघाला आणि चौकट वाकडीच दिसली, तर मी त्या ग्राइंडरसमोर उभी कशी राहणार होते, देव जाणे.

काल रविवारी मुग्धा पण आली. आल्या आल्या तिने मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ दाखवले. "आई, हे सगळे आधी हीट देतात. मग नुसतं ठोकत नाहीत, रोटेट करतात, थोडं पुढे, थोडं मागे." रफिकभाई म्हणाले, "बेटा, तुझ्या त्या व्हिडिओवाल्याला आमचा पुण्याचा गंज माहीत नाय." पण केलं त्यांनी तसंच. गॅसची बत्ती लावून बोल्टभोवतीची नळी तापवली, पान्याला लांब पाइप घातला, एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने मुग्धा. मी तेल सोडत होते आणि सूचना देत होते. माझ्या सूचना कुणी ऐकत नव्हतं, त्यामुळे तुम्ही तिथे असल्यासारखंच वाटत होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग बोल्ट करकरला. इतका बारीक आवाज, की मुग्धा पटकन म्हणाली, "पाना सटकला का?" सटकला नव्हता. बोल्ट केसभर फिरला होता. पुढे, मागे, पुढे, मागे. मग पितळी कांब लावून रफिकभाईंनी मागून ठोकलं आणि तो बोटभर, मग वीतभर बाहेर आला. बोल्ट निघाला तरी चिमटा जागेवरच. लाकडाची पाचर घालून तो हलवावा लागला, तेव्हा कुठे खाली आला आणि मुग्धाच्या पायावर पडता पडता वाचला.

रफिकभाईंनी बोल्ट फडक्याने पुसला आणि उन्हात धरला. मला वाटलं, आता मान हलवतील. त्यांनी तो माझ्याकडे दिला. अर्धा बोल्ट लख्ख होता. उजवीकडचा अर्धा. तुम्ही लावलेलं ग्रीस काळंभोर होऊन अजून त्याला चिकटलेलं होतं. डावीकडचा अर्धा गंजाने खाल्लेला, वर लाल चिखल. ज्या बुशात तो फिरतो, ती डावीकडची नळकांडी तर झिजून अंडाकृती झालेली.

"चौकट वळली असती तर दोन्ही टोकांना घासल्याची खूण असती," रफिकभाई सावकाश म्हणाले. "हे नुसतं पाणी आहे, भाभी. डाव्या बुशात पाणी राहिलंय. बुश झिजला म्हणून चाक कललं. बोल्ट गंजला म्हणून अडकला. भाऊ गाडी पाइपनं धुवायचे?"

"छे हो. ओल्या फडक्याने पुसायचे. पाइप लावू देत नसत कुणाला."

"मग एवढं पाणी आलं कुठून?"

मुग्धा एकदम म्हणाली, "आई, खंडेनवमी!"

अहो, खंडेनवमी. देवळात न जाणारे, सत्यनारायणाला शेजारी प्रसादाला जाऊन पूजेला न बसणारे तुम्ही, हा एकच दिवस कडकडीत पाळायचात. कारखान्यात लागलेली सवय. त्या दिवशी गाडीला आंघोळ, तीही पाइपने, मडगार्डाच्या आतून, चिमट्याच्या खालून, सगळीकडून. मग पाटावर पाने, हातोड्या, पट्ट्या ओळीने मांडायच्या. ग्रीसच्या पिचकारीलासुद्धा हळदकुंकू. आणि पूजा झाली की दसरा सरेपर्यंत हत्याराला हात नाही. "वर्षभर राबतात, दोन दिस बसू दे त्यांना," म्हणायचात. गाडीही तोवर सुरू करायची नाही. नाहून माखून, झेंडूची माळ घालून, बाजूच्या स्टँडवर डावीकडे कलून ती उभी. आतलं पाणी डावीकडे उतरत असेल, हे बघणार कोण? आणि बघितलं असतं तरी तेल घालायला हत्यार उचलणार कोण? दसरा झाल्यावर परवाच धुतलेल्या स्वच्छ गाडीला काय बघायचं, म्हणून राहून जायचं. दर वर्षी आपण तिला हौसेने पाणी पाजलं आणि मनोभावे हात जोडले. मी तर ओवाळलं.

आम्ही तिघंही हसलो. रफिकभाई डोळे पुसत हसत होते. तुम्ही असतात तर चिडून आधी आत गेला असतात आणि मग बाहेर येऊन आमच्यापेक्षा जास्त हसला असतात. हसता हसता मला रडू कोसळलं ते थांबेना. मुग्धाने मला जवळ घेतलं. मला तुमच्या चुकीचं रडू नव्हतं आलं हो. एवढीशी चूक होती. एवढीशी! बुशाची चूक, पाण्याची चूक. हात चुकला नव्हता तुमचा. हे तुम्हाला कळायला एक रविवार पुरला असता, आणि तुम्ही वाकडी चौकट मनात घेऊन गेलात. मी तेव्हा हट्टाला पेटले असते, नेहमीसारखी, तर रफिकभाई तेव्हाच आले असते. तुम्ही ओरडला असतात, जेवला नसतात, एक दिवस अबोला धरला असतात. चाललं असतं. आपल्याला अबोल्याची काय नवलाई होती? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प बसले, आणि सगळ्यात वाईट वाटायचं ते तुमच्यापाशी तसंच राहिलं. याची समजूत मला कुणी घालू नये. घातलेली मला नको आहे.

खात्री करायची म्हणून रफिकभाईंनी नवी सरळ कांब आणली होती. चिमटा नसलेल्या रिकाम्या चौकटीत ती एका भोकातून घातली. ती दुसऱ्या भोकातून बोटाने ढकलत पार गेली आणि आत मोकळी फिरली. मग पुढे हँडलच्या नळीपासून मागच्या दोन्ही भोकांपर्यंत त्यांनी दोरा धरला. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. आधी उजवीकडून, भोकापाशी गाठ मारून, मग डावीकडून. डावीकडेही गाठ नेमकी भोकावरच आली. रफिकभाई खाली बसले. म्हणाले, "सरळ आहे, भाभी. नुसत्या अंदाजानं नाय जमत असं. हात होता त्यांचा." मग ग्राइंडरकडे बघून म्हणाले, "आता भाऊंच्या शब्दाचं काय करायचं?"

मी म्हटलं, "भाऊंचं चुकलं होतं."

तुम्हाला चुकीचं ठरवण्यात माझा जन्म गेला. त्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, आणि तो सांगायला पुढ्यात तुम्ही नाही. तुम्ही ऐकून घेतलंच नसतंत म्हणा. माझा शब्द प्रमाण मानायची तुमची रीत नव्हती. चष्मा शोधून आणायला लावला असतात, गाठ तपासली असतीत, दोरा सैल धरलास म्हणाला असतात, पुन्हा धर म्हणाला असतात. धरला असता हो. तुमची खात्री होईस्तोवर, तुम्ही म्हणाल तितका वेळ, एक शब्दही न बोलता मी ते टोक धरून उभी राहिले असते.